सहायकासोबतचे काम आवरताना

नांदेडच्या नव्या मोंढ्यातील काही आडत दुकानांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिणे आणि ते चालते ठेवणे हा माझा व्यवसाय आहे. हळद, सोयाबीन, हरभरा असा माल येतो, सौदा होतो, काट्यावर वजन होते, हमाली आणि तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या नावाने पट्टी, म्हणजे त्याला देय रकमेचा हिशेब, तयार होते, आणि या प्रत्येक पायरीचा आकडा आमच्या प्रणालीतून जातो. अलीकडे या प्रणालीच्या कोडचा मोठा भाग मी स्वतः टंकत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून काम करायच्या खिडकीत, चालणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक तो लिहितो. मी काय हवे ते सांगतो, तो फाइली वाचतो, बदलतो, टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवतो, चूक आली तर स्वतःच दुरुस्त करतो आणि शेवटी केलेल्या कामाचा वृत्तांत देतो. काम सुरू कसे करावे, सूचना कशी लिहावी, यावर पुष्कळ सल्ला मिळतो. संध्याकाळी हे काम कोणत्या अवस्थेत थांबवावे, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक घोळांचे मूळ तिथेच असते.

स्वतः कोड लिहीत असू तेव्हा हात थांबले की काम थांबत असे. अर्धवट राहिलेले काय आहे हे डोक्यात असे, कारण प्रत्येक ओळ डोक्यातूनच आलेली असे. आता तसे राहिलेले नाही. दुपारभरात सहायकाने पंधरा-वीस फाइलींना हात लावलेला असू शकतो. त्यातील काही मी नीट वाचलेल्या असतात, काहींवरून नुसती नजर फिरवलेली असते, आणि एखादी फाइल बदलली आहे याचाही मला पत्ता नसतो. शिवाय आपण उठून जाणार आहोत हे सहायकाला कळत नाही. त्याच्या लेखी दिवस मावळत नाही. एक काम संपले की तो पुढचे सुचवतो, आणि ते सुचवणे इतके वाजवी वाटते की माणूस पुन्हा ‘हो’ म्हणतो. थांबण्याचा निर्णय सर्वस्वी आपला आहे, आणि थांबल्यावर काय शिल्लक राहते हे ठाऊक असणेही आपल्यावरच आहे.

काय शिल्लक राहते, हे आधी पाहू. या सहायकामागचे भाषिक प्रारूप एका सत्रातून दुसऱ्या सत्रात स्वतःहून काहीही लक्षात ठेवत नाही. आपण प्रत्येक वेळी काही विचारतो तेव्हा त्या सत्रातील आधीचे संभाषण पुन्हा त्याच्यापुढे ठेवले जाते, आणि त्या संभाषणाला जागेची मर्यादा असते. ही जागा टोकनांत, म्हणजे मजकुराच्या लहान तुकड्यांत, मोजतात. देवनागरी मजकुराला तेवढ्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा सहसा जास्त टोकन लागतात, त्यामुळे आमच्यासारख्यांची सत्रे, ज्यांच्या कोडमध्ये मराठी टिपणे आणि पट्टीवरची मराठी नावे ठायी ठायी असतात, थोडी लवकर भरतात. जागा भरत आली की क्लॉड कोडसारखी सहायक साधने आधीच्या संभाषणाचा गोषवारा करून त्या गोषवाऱ्यावर पुढचे काम चालवतात. गोषवारा बहुधा चांगला असतो. पण दुपारी बाराला ‘तोलाईच्या दराच्या तक्त्याला हात लावायचा नाही’ असे आपण एका वाक्यात सांगितलेले असेल, तर ते वाक्य संध्याकाळच्या गोषवाऱ्यात उरले असेलच असे नाही. म्हणून अशा कायमच्या मनाया संभाषणात न सांगता प्रकल्पाच्या सूचनांच्या फाइलमध्ये लिहिणे बरे. क्लॉड कोड त्यासाठी क्लॉड डॉट एमडी नावाची फाइल वाचतो, इतर अनेक साधने एजंट्स डॉट एमडी वाचतात, आणि ही फाइल प्रत्येक नव्या सत्राच्या आरंभी त्याच्यापुढे येते. आवरताना मी आठवून पाहतो की आज तोंडी दिलेल्या सूचनांपैकी कोणती उद्याही लागणार आहे. तेवढी त्या फाइलमध्ये जाते, बाकीच्या जाऊ देतो. ही फाइलही अतोनात वाढली की तिचा उपयोग कमी होतो.

जुने सत्र पुन्हा उघडण्याची सोय बहुतेक साधनांत आहे. ती उपयोगी आहे, पण फसवीही आहे, कारण परत येते ते संभाषण. त्या संभाषणात ज्या फाइलींविषयी बोलणे झाले होते त्या तशाच आहेत याची हमी कोणी देत नाही. रात्री सहकाऱ्याने काही बदलले असेल, डेटाबेसचा ढाचा पुढे गेला असेल, तरी सकाळी उघडलेले सत्र कालच्या समजुतीवरच बोलू लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मोंढ्यातील दुकान बंद होण्यापूर्वी मुनीमजी रोजमेळ घालतात, ते मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. वहीप्रमाणे शिल्लक किती, हे त्यांना जमाखर्चावरून कळलेलेच असते. तरीही ते गल्ला रिकामा करतात, नोटा मोजतात आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवतात. वहीतून निघालेली शिल्लक आणि हाताने मोजलेली शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या जुळल्या तरच मेळ लागला म्हणायचा. आमचे सॉफ्टवेअर आल्यावर वहीची शिल्लक एका बटणावर दिसू लागली, तेव्हा एका तरुण दुकानदाराने मुनीमजींना विचारले की आता मोजण्याची गरज काय. ‘मशीन सांगते ते वहीतलं, गल्ल्यात काय आहे ते तिला काय ठाव,’ एवढेच ते म्हणाले आणि मोजू लागले. सहायकाने दिलेला दिवसाचा वृत्तांत ही वहीची शिल्लक आहे. ती खोटी असते असे नव्हे. पण ती त्याच्या बाजूने काढलेली शिल्लक असते, आणि गल्ला मोजल्याशिवाय तिच्यावर सही करता येत नाही.

उदाहरण देतो. पट्टीवरील रक्कम पूर्ण रुपयात आणण्याचा नियम बदलायचा होता: आधी प्रत्येक कपात वेगवेगळी पूर्णांकात येत असे, आता सगळ्या कपाती झाल्यावर एकदाच आणायची होती. सहायकाने बदल केला आणि सर्व टेस्ट यशस्वी झाल्याचे सांगितले. टेस्ट मी स्वतः चालवल्या, त्या खरोखरच हिरव्या होत्या. पण निकालाच्या तळाशी एक टेस्ट ‘स्किप’ झाल्याची नोंद होती. ती टेस्ट अर्ध्या क्विंटलपेक्षा कमी मालाच्या पट्टीची होती. नव्या नियमात ती बसत नव्हती, म्हणून सहायकाने ‘तात्पुरती’ अशी टीप लिहून तिला बाजूला ठेवले होते. टीप प्रामाणिक होती, कोडमध्ये होती, फक्त वृत्तांतात नव्हती. अशा गोष्टी या साधनांकडून होतात: टेस्ट वगळणे, जिथे खरी आकडेमोड हवी तिथे ठरावीक उत्तर परत करणे, चूक पकडून ती गिळून टाकणारा कोड लिहिणे. त्यामागे लबाडी शोधण्यात अर्थ नाही. ‘टेस्ट पास झाल्या पाहिजेत’ असे सांगितले की त्या पास होण्याचे सगळे मार्ग त्याच्यापुढे सारखेच खुले असतात, एवढेच.

याचे जगजाहीर उदाहरण जुलै २०२५ मधले आहे. जेसन लेमकिन हे अमेरिकी उद्योजक रेप्लिट या कोड लिहिण्याच्या ऑनलाइन सेवेच्या सहायकाकडून एक ॲप बांधून घेत होते, आणि बदल थांबवण्याची स्पष्ट सूचना दिलेली असतानाही त्या सहायकाने चालता डेटाबेस पुसून टाकला. पुसण्याचीच चर्चा जास्त झाली. मला मात्र पुढचा भाग अधिक बोलका वाटतो: विचारल्यावर सहायकाने सांगितले की मागे जाऊन डेटा परत आणणे शक्य नाही, आणि प्रत्यक्षात करून पाहिल्यावर तो परत आला. म्हणजे विध्वंसाबद्दलचा वृत्तांत खरा होता आणि उपायाबद्दलचा चुकीचा. दोन्ही सारख्याच ठामपणे सांगितलेले होते. त्यानंतर कंपनीने विकासाचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. आमच्यासारख्या लहान कामात ती फारकत आपली आपणच करावी लागते. सहायक ज्या संगणकावर काम करतो तिथे दुकानांच्या खऱ्या डेटाबेसची किल्ली, म्हणजे प्रवेशाचा गुप्त संकेत, नसणे, हा त्यातला सर्वांत सोपा मार्ग आहे.

गल्ला मोजायचा म्हणजे माझ्या कामात गिटकडे, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाकडे, जायचे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेले हे साधन सहायकांच्या कितीतरी आधीचे आहे, पण त्यांच्यासोबत काम करताना त्याची खरी किंमत कळते. मी सहायकाला ‘काय बदलले’ असे न विचारता आधी गिट स्टेटस पाहतो. त्यात दोन प्रकारच्या फाइली दिसतात: आधीपासून नोंदीत असलेल्या आणि आता बदललेल्या, आणि नोंदीतच नसलेल्या नव्या. दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष देणे जास्त गरजेचे आहे. सहायक कामाच्या ओघात तपासणीची छोटी स्क्रिप्ट लिहितो, डेटाचा एखादा नमुना फाइलमध्ये काढून ठेवतो, जुन्या फाइलची प्रत करतो, आणि त्या तिथेच पडून राहतात. मग डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, वाचायचा. सगळा. हे कंटाळवाणे आहे, आणि डिफ वाचवत नाही इतका मोठा झाला असेल तर आजचे सत्र आधीच थांबवायला हवे होते, हे त्यातून समजते.

कमिट केलेले, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदवलेले, काम सहजासहजी हरवत नाही. चुकून शाखा (कामाची स्वतंत्र धार) मागे ओढली तरी रिफलॉगमध्ये, म्हणजे शाखा कुठे कुठे होती याच्या गिटच्या नोंदवहीत, जुन्या कमिटचा माग राहतो. गिटच्या मूळ मांडणीनुसार साधारण नोंदी ९० दिवस आणि शाखेच्या आताच्या टोकावरून न पोहोचता येणाऱ्या कमिटच्या नोंदी ३० दिवस. पण कधी कमिटच न झालेला बदल रिसेट हार्डने, म्हणजे फाइली नोंदवलेल्या कमिटच्या स्थितीत नेणाऱ्या आज्ञेने, गेला, किंवा नोंदीत नसलेली फाइल गिट क्लीनने पुसली, तर रिफलॉग मदतीला येत नाही. सहायक ‘सगळे स्वच्छ करून पुन्हा प्रयत्न करतो’ म्हणतो तेव्हा नेमक्या याच दोन आज्ञा त्याच्या हाताशी असतात. काही साधनांत मागे जाण्याची स्वतःची सोयही आहे. क्लॉड कोडमधली सोय सहायकाने संपादन करून बदललेल्या फाइली पूर्ववत करते, पण टर्मिनलच्या आज्ञेने पुसलेली किंवा हलवलेली फाइल तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून ती सोय दिवसाच्या मधे वापरावी. रात्रीचा भरवसा कमिटवर आणि पुशवर, म्हणजे ते कमिट दूरच्या सर्व्हरवर पाठवण्यावर, ठेवावा.

अर्धवट कामाचे कमिट करू नये, असे जुने वळण आहे. मी ते पाळत नाही. मुख्य शाखेला धक्का न लावता वेगळ्या शाखेवर ‘अपुरे, पट्टीची एक टेस्ट बाजूला ठेवली आहे’ अशा स्पष्ट संदेशासह अर्धवट काम नोंदवून ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते. संदेश मात्र मी स्वतः लिहितो. सहायकाने लिहिलेला संदेश नेमका असतो, व्याकरणशुद्ध असतो, आणि त्यात काम अपुरे असल्याचा सूर बहुधा नसतो.

आपण ठरवून थांबू, हेही मराठवाड्यात नेहमी आपल्या हाती नसते. एप्रिल-मेमध्ये दुपार कलल्यावर आभाळ भरून येते, अवकाळीचे वारे सुटते आणि वीज जाते. कडाडायला लागले की घरातले कोणीतरी येऊन प्लग काढून ठेवतेच. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. सहायकाचे प्रारूप दूरच्या सर्व्हरवर असल्यामुळे तो आहे त्या पायरीवर थांबतो, आणि ती पायरी आपण निवडलेली नसते. पाच फाइलींत एका रकान्याचे नाव बदलायचे असेल तर तीन फाइलींत बदललेले आणि दोनांत जुने, अशी अवस्था हाती येते. फाइलींचे एक वेळ निभावते. डेटाबेसचे मायग्रेशन, म्हणजे त्याच्या ढाच्यातला बदल, चालून गेलेले आणि त्याला जुळणारा कोड लिहायचा राहिलेला, ही अवस्था जास्त वाईट. कारण गिट कोड मागे नेते, डेटाबेस नेत नाही. त्यामुळे दुपारनंतर मी मायग्रेशनचे काम सहायकाला देत नाही. दिलेच तर आधी बॅकअप घेतो, मागे नेणारे मायग्रेशन आधी लिहून घेतो आणि ते रिकाम्या डेटाबेसवर खरोखर चालते का हे पाहतो. बाकीचे काम लहान लहान टप्प्यांत देतो आणि प्रत्येक टप्प्यानंतर कमिट करतो, म्हणजे वीज केव्हाही गेली तरी गमवायचे असते ते अर्ध्या तासाचे. शहरात चोवीस तास वीज असलेल्यांनाही ही सवय वाईट नाही, पण आम्हाला ती लावून घ्यावी लागली.

फाइली जागेवर आल्या तरी चालू राहिलेल्या गोष्टी उरतात. सहायक तपासणीसाठी सर्व्हर सुरू करतो आणि तो पार्श्वभूमीत चालू राहतो. सकाळी नवा सर्व्हर सुरू होत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या पोर्टवर (वेगळ्या क्रमांकाच्या दारावर) सुरू होतो आणि आपण जुन्याच सर्व्हरकडे पाहत नव्या कोडला दोष देत बसतो. हे निव्वळ त्रासाचे झाले. धोक्याचे वेगळे आहे. दुकानदाराला नवे पान दाखवण्यासाठी आपल्या संगणकावरून बाहेर एक टनेल, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याची वाट, उघडलेला असतो. त्याचा पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला तो रात्रभर खुला. त्या टनेलपलीकडे तपासणीसाठी आणलेल्या खऱ्या पट्ट्या असतील, तर शेतकऱ्यांची नावे, गावे, मोबाइल आणि बँक खात्यांचे क्रमांकही तिथेच असतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला. पण कायदा नसता तरी वसमतच्या हळद उत्पादकाचा खाते क्रमांक उघड्यावर ठेवणे मला मान्य झाले नसते. तपासणीला बनावट नावांचा डेटा पुरतो, आणि तो बनवून देणे हे सहायकाला उत्तम जमणारे काम आहे.

परवानग्यांचेही तसेच. दिवसभरात सहायक एखादी आज्ञा चालवण्यापूर्वी विचारतो, आणि विचारण्याचा कंटाळा येऊन आपण ‘पुन्हा विचारू नकोस’ हा पर्याय निवडतो. फाइली संपादित करण्याची अशी परवानगी काही साधनांत सत्र संपताच संपते, पण टर्मिनलच्या आज्ञांना दिलेली परवानगी त्या प्रकल्पासाठी कायम राहते. आवरताना ती यादी उघडून पाहिली की दुपारच्या घाईत आपण काय काय देऊन बसलो आहोत हे दिसते. गुप्त किल्ल्यांबाबत माझा नियम कडक आहे: संभाषणात एकदा चिकटवलेली किल्ली ही उघड झालेली किल्ली, ती त्याच संध्याकाळी रद्द करून नवी काढायची. कारण सत्राची नोंद संगणकावर साध्या मजकुरात राहू शकते; क्लॉड कोड ती मूळ मांडणीत ३० दिवस ठेवतो. आणि किल्ली चुकून कमिटमध्ये गेली असेल तर पुढच्या कमिटमध्ये ती काढून काही साधत नाही, इतिहासात ती तशीच असते.

राहता राहिले टिपण. उद्याच्या सत्रासाठी एक टिपण लिहून ठेवावे, हा सल्ला सगळेच देतात आणि ते सहायकाकडूनच लिहून घ्यावे असेही सांगतात. मी घेतो, पण मुदलात प्रश्न वेगळा विचारतो. ‘आज काय केले’ असे विचारले तर सुबक वृत्तांत येतो, ज्यात प्रत्येक गोष्ट पूर्ण झालेली असते. ‘आज सांगितलेल्यापैकी काय तू प्रत्यक्ष चालवून पाहिलेले नाहीस, काय गृहीत धरलेस, काय बाजूला ठेवलेस’ असे विचारले की उत्तर ओबडधोबड येते आणि कामाचे असते. त्यातही मी टिपणाचे दोन भाग करतो. सहायकाने सांगितलेले एका भागात, मी स्वतः पाहिलेले दुसऱ्या भागात. हमालीचा दर बदलल्यावर पट्टी बरोबर येते हे त्याने सांगितले. पन्नास किलोच्या पोत्याची पट्टी छापून मी हाताने ताडून पाहिली. पहिल्या भागातून दुसऱ्यात काही न्यायचे असेल तर ते मीच नेतो, तेही पाहिल्यावर.

टिपण पुरेसे आहे का, हे तपासण्याची एक युक्ती मला फार आवडते. जुने सत्र बंद करण्यापूर्वी दुसरे, कोरे सत्र उघडायचे, त्याला फक्त ते टिपण वाचायला द्यायचे आणि विचारायचे की उद्या पहिले काम कोणते आणि कशाला हात लावायचा नाही. काहीही बदलण्याची परवानगी न देता. त्याने बाजूला ठेवलेल्या टेस्टचा उल्लेख केला नाही, किंवा झालेले मायग्रेशन पुन्हा चालवायला निघाला, तर टिपणात उणीव आहे, आणि ती भरायला माहीतगार सत्र अजून शेजारी उघडे आहे. सकाळी हीच उणीव कळली असती तर विचारायला कोणी नसते.

माझा भागीदार रात्री काम करणारा आहे आणि त्याला हे सगळे म्हातारपणाचे वाटते. सहायकाने वाचवलेला वेळ तू आवरण्यात घालवतोस, असे त्याचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच केवळ एखाद्या पानाचा रंग किंवा मथळा बदललेल्या दिवशी मी डिफ पाहतो, कमिट करतो आणि उठतो. पैशाच्या आकड्याला हात लागलेल्या दिवशी मात्र त्याचे ऐकत नाही. आवरायला पाऊण तास लागणार असेल तर पाऊण तास आधी थांबायचे. दमलेल्या डोळ्यांनी वाचलेला डिफ हा वाचलेला धरता येत नाही, आणि ‘एवढे एक शेवटचे करून टाक’ म्हणून दिलेले काम हमखास कोणी न पाहिलेले काम ठरते.

दिवाळीत मोंढा काही दिवस बंद असतो तेव्हाचा प्रश्न थोडा निराळा आहे. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होते, अजूनही बहुतेक दुकाने कागदी वही पूजतात, आणि परत आल्यावर नव्या भावाच्या घाईत कोणालाही जुने काही आठवत नाही. एवढ्या खंडानंतर सहायकाने अर्ध्यात सोडलेली शाखा उचलून पुढे नेणे क्वचितच फायद्याचे ठरते. तोवर मी विसरलेला असतो आणि तो तर जन्मतःच विसरलेला असतो. म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी मी उघड्या शाखा एकेक करून पाहतो. जी एका बैठकीत पूर्ण होईल ती पूर्ण करून मुख्य शाखेत घेतो. जी होणार नाही, तिच्यातून काय शिकलो ते टिपणात लिहितो, काय हवे होते याची मूळ सूचना जपून ठेवतो आणि शाखा पुसून टाकतो. कोड पुन्हा लिहून घेणे आता स्वस्त झाले आहे. कोणी कशासाठी लिहिला हे माहीत नसलेला कोड वाचणे मात्र पूर्वीइतकेच महाग आहे.